अबार्थ पुंटो डायनोवर चढवली: १४५ पैकी २५ घोडे गेले कुठे?

शिरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची अबार्थ पुंटो, पांढरी, लाल पट्ट्यांची. गेल्या वर्षी दुसऱ्या मालकाकडनं घेतली तेव्हा ६८ हजार किलोमीटर झालेली. रांजणगावात बनलेलं १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, टर्बोवालं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा), कागदावर १४५ पीएस म्हणजे घोडे आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क. घरात आजतागायत एकच वाक्य ऐकतोय, "फियाट आता कोण घेतं का?"

गाडी पळते, पण मन भरत नव्हतं. तवंदी घाटात चौथ्या गिअरला दाबली की ३ हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) मस्त ढकलते आणि साडेचार हजाराच्या पुढं एकदम खोकल्याचं औषध घेतल्यासारखी सुस्त. आवाज वाढतो, वेग नाही. मीटरवर एक दिवा लागेल तर शपथ. सर्व्हिसवाला म्हणाला, "छोटा टर्बो आहे, वर अशीच असते."

म्हटलं रीमॅप करू, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून जोर वाढवू. त्याआधी आहे तशी किती देते ते बघू, म्हणून पुण्यात एका ठिकाणी डायनोची (गाडी रोलरवर पळवून तिचा जोर मोजणारं यंत्र) वेळ घेतली. पहाटे साडेतीनला निघालो, सातारा-कागल सहापदरीच्या कामात दोनदा वळणरस्त्यावर अडकलो, तरी नऊला पोचलो. पुढची चाकं रोलरवर, मागनं पट्ट्यांनी करकचून बांधली, पुढं एक पंखा. तीन रन चौथ्या गिअरमध्ये:

पहिला १०२, दुसरा ९९, तिसरा ९७. चाकांवर, पीएसमध्ये.

पोरगा म्हणाला, "इंजिनापासून चाकापर्यंत १५ टक्के लॉस धरला तर क्रँकवर, म्हणजे इंजिनावर, १२०. काळजी नको, रीमॅप मारला की १६० होतील." मी पैसे भरायच्या तयारीत होतो, पण हात आखडला. १४५ ची गाडी १२० का देते हे कुणी सांगेना आणि वरनं ४० घालायला निघालेत. ग्राफ घेऊन परत आलो.

आता प्रश्न: २५ घोडे गेले कुठं? आणि दर रनला आणखी का कमी झाले?

टर्बो_तात्या

भावा, कराडच्या त्या वळणरस्त्यावर उतरून गेले असतील. माझेही तिथंच गेलेत, सोबत एक अलॉय व्हील.

पंचगंगाकाठ

रीमॅप करून टाकायचा होता की. एवढं लांब जाऊन नुसता कागद घेऊन आलास?

ओतकाम_काका

शिरोलीकर, कागद घेऊन आलात हेच शहाणपणाचं केलंत. मी ३१ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात काढली, त्यातली पहिली ९ ऑईल इंजिनांच्या टेस्टिंगला. आमच्याकडं रोलर कुठले? फ्लायव्हीलशेजारी ब्रेक ड्रम, त्यावर दोरीचा वेढा, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा. वजनातनं काट्याचं वाचन वजा करायचं, ड्रमच्या त्रिज्येनं गुणायचं, झाला टॉर्क. ड्रमवर पाणी सोडायचं, नाहीतर दोरीतनं धूर. आजही डिप्लोमाची पोरं पाच एचपीच्या सिंगल सिलिंडरवर, १५०० आरपीएमला हेच प्रॅक्टिकल करतात आणि एकमेकांचं जर्नल उतरवतात.

सांगायचं काय, कुठलाही डायनो घोडे मोजत नाही. तो टॉर्क आणि फेरे मोजतो, घोडे गुणाकारातनं येतात. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२२, की पीएस. तुमच्या गाडीचे २१२ न्यूटन मीटर ४००० ला धरले तर १२१ पीएस होतात. ५५०० ला १४५ पीएस हवे असतील तर तिथं १८५ न्यूटन मीटर पाहिजेत. तुमचे १२० जर ५५०० ला आले असतील तर तिथं टॉर्क १५३ च उरलाय. म्हणजे खालचं ठीक आहे, वर इंजिनाला हवा पुरत नाही. सगळ्यात मोठा आकडा सोडा, टॉर्कची रेघ कुठनं पडायला लागते ते सांगा.

शिरोलीकर

काका, रेघ ४४०० पासनं घसरगुंडीसारखी खाली. आणि बूस्ट (टर्बोचा दाब) २१०० ला भरायला पाहिजे तो २५०० च्या आसपास भरतोय.

पंचगंगाकाठ

१५३ वर बोट ठेवलंत काका. नाद खुळा.

कळंब्याची

मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे (माहेर कळंबा, म्हणून हे नाव). दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, त्या आधी सुट्या करते.

तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात "डीआयएन" आणि शेजारी १.०९ असं काही छापलंय का? असेल तर १०२ हा मोजलेला आकडा नाही. मोजलेला साधारण ९४ असणार. डीआयएन पद्धतीत हवा १०१३ मिलिबार आणि २० अंश असती तर किती मिळाले असते, असा हिशोब लावतात. पुणे काय आणि कोल्हापूर काय, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथं हवेचा दाब साडेनऊशे मिलिबारच्या आतबाहेर. त्या दिवशी ३१ अंश असतील तर गुणक बरोबर १.०९ येतो. साध्या इंजिनाला हा हिशोब न्याय देतो. टर्बोला मात्र थोडा फुकटचा प्रसाद मिळतो, कारण बाहेर हवा विरळ असली तरी ईसीयू (इंजिनाचा संगणक) मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडं हवा नेणारा पाइप) दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत न्यायला बघतो, टर्बो जास्त फिरतो आणि बरीचशी तूट आधीच भरून निघते. त्यावर पुन्हा ९ टक्के म्हणजे एकाच पगाराचे दोन बोनस. वर तो १५ टक्के लॉस. तो कुणी मोजलेला नाही, धरलेला आहे. १८ धरला असता तर त्याच गाडीचे १२४ झाले असते.

म्हणून "माझी गाडी इतक्याची" या वादात मी पडत नाही. त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच टायर प्रेशरला, तेवढ्याच ताणलेल्या पट्ट्यांवर आधी आणि नंतर किती, एवढंच विचारावं. पट्ट्या जास्त आवळल्या की टायर रोलरवर दबतो आणि दोन-चार घोडे तिथंच रबर तापवण्यात जातात.

दर रनला कमी का झाले, तर इंटरकूलर, टर्बोनं तापवलेली हवा गार करणारी जाळी. रस्त्यावर ताशी शंभरला जेवढी हवा त्याच्यातनं जाते त्याच्या पासंगालाही तो पंखा पुरत नाही. आत जाणारी हवा तापली की ईसीयू नॉकच्या (मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याच्या) भीतीनं इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं खेचतो. १०२, ९९, ९७ हे त्याचंच. ती काळजी सोडून द्या.

खरी काळजी ४४०० ची. लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घेतलाय का? मला दोनच रेघा हव्यात: ईसीयू किती दाब मागतोय आणि किती मिळतोय.

शिरोलीकर

ताई, कोपऱ्यात १.०९ च आहे! काल कागलच्या पुढं तिसऱ्या गिअरला लॉग घेतला, बायको लॅपटॉप धरून बसली होती (आता महिनाभर शब्द ऐकायचे). ५००० ला मागणी १९०० मिलिबार, मिळाले १५५०. वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं झाकण) ड्यूटी सायकल ९५ टक्के. लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८५ च्या आसपास, स्थिर. नॉक जवळपास नाही.

कळंब्याची

९५ टक्के म्हणजे ईसीयू वेस्टगेट बंद ठेवायला जिवाचं रान करतोय, सगळी एक्झॉस्ट टर्बाइनवर सोडतोय, तरी हवा पोचत नाही. आता तीनच वाटा. वेस्टगेटचं झाकण नीट बसत नाही, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय उचलल्यावर टर्बोचा जादा दाब सोडणारा) पडदा फाटलाय, किंवा टर्बो ते थ्रॉटल या वाटेत गळती आहे.

दिवा का लागला नाही तेही सांगते, कारण यातच बरेच लोक फसतात. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असतो, तिथं मोजलेली हवा वाटेत गळली की पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर येतो, लगेच कळतं. टी-जेटमध्ये तो सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान बघून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. गळती त्याच्या आधीच झालेली, त्यामुळे जेवढी हवा पोचली तेवढंच पेट्रोल. मिश्रण बरोबर, धूर नाही, फक्त जोर नाही.

आणि कृपा करून या अवस्थेत रीमॅप करू नका. गळक्या पाइपावर जास्त दाबाची मागणी ठेवली तर टर्बोला आणखी जोरात पळावं लागेल, हवा आणखी तापेल, बेअरिंगचं आयुष्य जाईल.

टर्बो_तात्या

म्हणजे बादलीला भोक आणि आपण मोटर मोठी बसवायला निघालेलो.

ऊसवाला_शिरोळ

मध्येच विचारतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. त्यानं पण जोर कमी होतोय की. आमचाच ऊस कारखान्याला, तिथनं इथेनॉल, ते परत आमच्याच गाडीत, आणि गाडी म्हणतीय पचंना. वर हंगामात तुम्हीच आमच्या ट्रॉल्यांना शिव्या देताय.

शिरोलीकर

दादा, शिव्या उसाला नाहीत, मागं लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांना आहेत. रात्री अकराला सांगली फाट्यावर एकदा थोडक्यात वाचलोय.

कळंब्याची

ऊसवाले दादा, मुद्दा बरोबर आहे, पण २५ घोडे त्यानं जात नाहीत. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. लिटरमागं ऊर्जा कमी, म्हणून मायलेज पडतं. पण इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर आहे आणि ते उडताना हवा गार करतं, त्यामुळे नॉक लांब जातो. टर्बो इंजिनाला हे सोयीचंच, मॅप त्या इंधनावर केला असेल तर. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील हा वेगळा विषय, तिथं तुमची तक्रार रास्त आहे.

डायनोवाल्यांसाठी टीप: हवा-इंधन मीटर १४.७ वर छापलेला असतो. आताच्या पेट्रोलवर तो आकडा वाचून भांडू नये, लॅम्डा वाचावा. ०.८५ म्हणजे ०.८५, इंधन कुठलंही असो. आणि ज्या पंपावर रोज भरता त्याच पेट्रोलवर मॅप करून घ्या. ट्यूनिंगच्या दिवशी महागडं हाय-ऑक्टेन, आणि सोमवारी गडहिंग्लजला मिळेल ते, असं करून पिस्टन फोडलेले पाहिलेत मी.

वकिली_चष्मा

रंगात भंग करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे कडक शब्दांत सांगितलंय. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून चालून जातो, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ईसीयू वाचायला लागला तर? दुरुस्तीला कुणाची हरकत नाही. त्यापुढं पाऊल टाकताना माहीत असू द्या.

पंचगंगाकाठ

झालं, आले काका कोर्ट घेऊन.

वकिली_चष्मा

काका नाही, ३४ वय आहे.

शिरोलीकर

अपडेट. लांबलंय, पण धीर धरा.

गळती शोधायला टर्बोच्या तोंडावर टोपण बसवून आत हवा भरायची, असं ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं. तसलं टोपण ऑनलाइन तीन हजाराला. शेजारी उद्यमनगर असताना तीन हजार? एअर फिल्टरकडनं येणारा पाइप काढला, व्हर्नियरनं आतलं माप घेतलं आणि ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. त्यानं भंगारातला ॲल्युमिनियमचा गोळा उचलला, पायऱ्या पाडल्या, मधे भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पितळी नटासकट बसवला. काम वीस मिनिटांचं, गप्पा दीड तासाच्या. घेतले १५० रुपये, चहा त्यानंच पाजला. "कशाला पाहिजे?" म्हणाला. सांगितलं. म्हणाला, "मग पंपाचं केसिंग तपासतो तसंच की." बरोबर तसंच.

पहिल्या वेळी फजिती. टोपण बसवलं, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला रेग्युलेटर लावून हवा सोडली, आणि डिपस्टिक टुणकन वर उडाली, ऑईलचा शिंतोडा शर्टावर. इंजिनाच्या ब्रीदरची नळी बंद करायची राहिली होती, हवा सरळ क्रँककेसमध्ये. ताईंनी लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही. पंक्चरवाला दोन पावलं मागं सरकला तो शेवटपर्यंत पुढं आला नाही.

ब्रीदर बांधला. परत हवा. ५ पीएसआय, सगळं शांत. साबणाचं पाणी स्प्रेनं सगळ्या जोडांवर मारत गेलो. ८ ला पण काही नाही. मला वाटलं झालं, टर्बोच गेला. १२ च्या पुढं काटा सरकला आणि इंटरकूलरच्या खालच्या पाइपाच्या तोंडाशी, क्लिपच्या काठाला चिकटून, मोहरीएवढा एक बुडबुडा. मग दुसरा. आणि मग तव्यावरची भाकरी फुगावी तसा पांढरा फुगा फुगला आणि फुस्स. दाब कमी केला की चीर मिटते, वाढवला की उघडते. म्हणून गावात चालवताना काही कळत नव्हतं.

पाइप काढून बघितला तर साधी वर्म क्लिप कुणीतरी जीव तोडून आवळलेली. तिच्या कडेनं रबराला आतपर्यंत इंचभर चीर, वरनं ऑईलची काळी साय बसलेली, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हती. बोटानं वाकवल्यावर ओठ उघडावेत तशी उघडली. तीन महिने रीमॅपसाठी पैसे साठवत होतो, आणि रोग हा.

ओतकाम_काका

वा! पंपाचं केसिंग. लेथवाल्याला माझा नमस्कार सांगा.

टर्बो_तात्या

जाळ अन् धूर संगटच म्हणतात, इथं नुसता साबण. नवीन पाइप सिलिकॉनचा घेणार असशील तर आतनं फ्लुरोचं अस्तर असलेला घे. साध्या सिलिकॉनला ऑईलची वाफ लागली की तो वर्षभरात घाम फुटल्यासारखा ओला होतो आणि फुगतो. आणि वर्म क्लिप फेकून दे, टी-बोल्ट क्लॅम्प लाव.

शिरोलीकर

तात्या, अस्तराचाच घेतला. क्लॅम्प पण बदलले, चारही.

आणि परवा परत पुण्याला जाऊन आलो. तोच डायनो, तोच चौथा गिअर, टायरमध्ये ३३, पट्ट्या बांधताना स्वतः उभा राहिलो. पोरगा जरा वैतागला. दोन रनच्या मधे बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं थांबायला लावलं, तेव्हा आणखी वैतागला.

बाहेर २४ अंश. मोजलेला आकडा ११३, गुणक १.०७७, कागदावर १२२. दुसरा रन १२१, तिसरा परत १२२. तोच १५ टक्के लॉस धरला तर क्रँकवर १४३. बूस्ट २१०० लाच भरतोय आणि ५००० ला मागणी १९००, मिळाले १८८०. एकावर एक ठेवलेले दोन ग्राफ फोटोत टाकलेत. २५०० पासनं ४४०० पर्यंत दोन भाऊ शेजारी चालल्यासारखे, मग एक खाली बसतो आणि दुसरा चालत राहतो.

येताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये दाबली. बायको शेजारीच होती. म्हणाली, "ही आपलीच गाडी का?"

कळंब्याची

छान! ९४ विरुद्ध ११३, न गुणलेले आकडे. हे दोनच लक्षात ठेवा.

पंचगंगाकाठ

मग आता तरी रीमॅप?

शिरोलीकर

विचारलं. त्या पोरानं आधीसारखंच "१६० करून देतो" म्हटलं. मी विचारलं, तुमचा रोलर नुसता इनर्शियाचा की ब्रेक आहे? म्हणाला इनर्शिया. म्हणजे जड ड्रम किती चटकन वेग घेतो त्यावरनं हिशोब. एका दमात वर जायचं आणि ग्राफ काढायचा, तेवढं होतं. पण ३००० वर गाडी लोड देऊन धरून ठेवायची, इग्निशन अर्धा-अर्धा अंश पुढं-मागं करून बघायचं, ते त्याच्यावर होत नाही, त्याला एडी करंटचा ब्रेक लागतो. मग माझ्या गाडीवर तो नेमकं काय करणार? तयार फाइल ओतणार. ती फाइल कुणाच्या गाडीवर, कुठल्या पेट्रोलवर बनली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा सध्या नाही. आधी क्लच आणि मग ब्रेकचं तेल. वकीलसाहेबांचंही डोक्यात आहेच.

पंचगंगाकाठ

एवढे धडे घेऊन शेवटी स्टॉकच! विषय हार्ड आहे भावा.

ऊसवाला_शिरोळ

माझ्या भाच्याकडं लिनिया टी-जेट आहे, जयसिंगपूरला. त्याची पण हीच बोंब, वर जोर नाही. हे टोपण त्याच मापाचं बसंल का?

शिरोलीकर

इंजिन त्याच घरातलं, पण टर्बो वेगळा असू शकतो. फिल्टरकडचा पाइप काढून आतलं माप घ्यायला सांगा. लहान पडलं तर लेथवर एक पायरी अजून पाडून घेऊ, पंधरा मिनिटांचं काम.

टर्बो_तात्या

थांबा, रांग आहे. टोपण आता माझ्याकडं कागलला आहे, पोलोवर घालून बघायलोय. रविवारी देतो.

ऊसवाला_शिरोळ

रविवारी येतो. काही आणायचं का येताना?

टर्बो_तात्या

सायकलच्या व्हॉल्व्हची आतली पिन आणा एक. गेली ती माझ्याकडनं. आणि डिपस्टिकवर लक्ष ठेवा, माझी पण उडाली.